एक अंगठा, एक मोबाईल: टाळेबंदीतल्या सोलापूरच्या एका विडी-यंत्रमाग घराचा प्रकरण अभ्यास

सोलापूरच्या पूर्व भागात नवरा मागावर आणि बायको विडीवर, अशी घरं गल्लोगल्ली आहेत. कमावते हात दोन, म्हणजे एक थांबला तरी दुसऱ्यावर घर निघेल, असा यांचा वर्षानुवर्षांचा हिशेब. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूनंतर दोन्ही हात एकाच आठवड्यात थांबले. इथे अशाच एका घराचा मार्च २०२० ते २०२१ च्या अखेरीपर्यंतचा व्यवहार मांडला आहे. घर कुणा एकाचं नाही. अक्कलकोट रस्त्याकडच्या वस्त्यांत जी मांडणी पुन्हा पुन्हा दिसते, ती एका घरात बसवली आहे आणि घरातल्या रकमा ठोकळ धरल्या आहेत. सरकारी रकमा, तारखा आणि नियम मात्र जसे होते तसेच आहेत.

पहिल्या तीन महिन्यांत या घराच्या हातात आलेल्या पैशांची बेरीज केली, तर ती काटकसरीच्या खर्चाला पुरेशी भरते. तरीही घर मे महिन्यात उधारीत गेलं, कारण पैसे आले ते उशिरा. उशीर कुठे झाला हे शोधत गेलं की बहुतेक वेळा दोनच ठिकाणी जाऊन थांबावं लागतं: विडी वळून झिजलेला बाईचा अंगठा आणि घरातला एकुलता एक स्मार्टफोन.

घर आणि त्याचा हिशेब

माणसं पाच. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, बारा तासांची पाळी, मजुरी नगावर, पगार आठवड्याला. बाई विडी वळते. सासूबाई सत्तरीच्या, पूर्वी विडी कामगार, त्यांना पीएफची महिन्याला १,००० रुपये पेन्शन. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू. मुलगी दहावीला, मुलगा सहावीला. दहा बाय बाराची खोली, वर माळा, संडास चार घरांत सामाईक.

नवऱ्याचे महिन्याला १०,००० धरू. बाई दिवसाला साडेसातशे विड्या वळते. हजारी, म्हणजे हजार विड्यांची मजुरी, १६० धरली तर दिवसाचे १२०, आणि काम मिळेल ते दिवस मोजले तर महिन्याला सुमारे २,७००. पेन्शन धरून १३,७००. खर्च असा: भाडं २,०००, किराणा ४,५००, गॅस ६००, वीज ६००, बचत गटाच्या नावावर काढलेल्या कर्जाचा हप्ता १,८००, औषधं ५००, मोबाईल ४००, शाळा-रिक्षा-किरकोळ १,५००. एकूण ११,९००. बरा महिना असेल तर अठराशे रुपये उरतात आणि ते सणाला किंवा दवाखान्याला जातात.

२५ मार्चला गुढीपाडवा होता. हप्ता आणि भाडं नुकतंच दिलेलं, थोडी पाडव्याची खरेदी झालेली. त्यात नगावर मजुरी असली की मागावर अर्धवट राहिलेला माल हिशेबात धरत नाहीत. उतरवून, मोजून, तपासून दिला तरच पैसे. शेवटच्या आठवड्याचं काम बीमवरच, म्हणजे मागावरच्या सुताच्या रुळावरच राहिलं. २४ तारखेच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा घरात रोख १,१०० रुपये होते.

एप्रिल-मेमध्ये खर्च आवळला तो असा: किराणा ३,५००, गॅस ६००, औषधं ५००, मोबाईल २००. महिन्याला ४,८००. भाडं, वीज आणि हप्ता बाजूला ठेवले. दोन महिन्यांना ९,६०० हवे होते. मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत आलेले पैसे: मालकाकडून उचल ५,००० आणि सासूबाईंची पेन्शन २,०००. घरातले अकराशे मिळवले तरी दीड हजार कमी, शिवाय दोन महिन्यांचं भाडं थकलेलं. दीड हजार ही रक्कम वाचताना किरकोळ वाटते. पण किराणा दुकानदार स्वतः रोखीनं माल आणत असतो, त्याची वही दीड हजारावर बंद होते, हे अशा घरात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

रेशन: धान्य आलं, पण भाकरीचं नाही

रेशन कार्ड प्राधान्य कुटुंबाचं, पण त्यावर नावं चारच. सासूबाईंचं नाव गावाकडे धाकट्या दिराच्या कार्डावर राहून गेलेलं. चार माणसांना तेव्हा माणशी ५ किलोप्रमाणे नेहमीचं २० किलो: १२ किलो गहू २ रुपयांनी, ८ किलो तांदूळ ३ रुपयांनी, म्हणजे ४८ रुपये. त्यावर प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून एप्रिल ते जून माणशी ५ किलो तांदूळ फुकट, आणखी २० किलो. कार्डामागे महिन्याला १ किलो डाळ होती, ती मागाहून आली. ज्यांचं कार्ड केशरी होतं पण प्राधान्य यादीत नव्हतं, त्यांना मे-जूनमध्ये माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी मिळाला. दुकानापुढच्या रांगेत ‘त्यांना फुकट, आम्हाला विकत का?’ ही जी भांडणं झाली, त्यांच्या मुळाशी कार्डावरचा हा शिक्का होता. दुकानदाराच्या हातात त्यातलं काही नव्हतं.

म्हणजे महिन्याला २८ किलो तांदूळ, आणि घर ज्वारी खाणारं. सोलापुरी जेवणाचा पाया भाकरी आणि शेंगाची चटणी. भात असतो तो वरून. ज्वारी विकत घ्यावी लागतच होती. तोडगा निघाला तो पिठात: ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा तांदळाचं पीठ. तांदूळ धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून मगच गिरणीत द्यायचा. ओलसर दिला तर जात्यात पीठ चिकटतं आणि गिरणीवाला परत पाठवतो. या मिश्रणाला पाणी उकळतंच लागतं. कोमट पाण्यात मळलं तर भाकरी थापताना कडेनं चिरा पडतात. तांदळाचा हिस्सा चौथ्याहून जास्त झाला की भाकरी निवल्यावर चामट होते, मग दुपारच्या डब्यात जात नाही. याशिवाय आठवड्यातून दोनदा धिरडी. साठवलेल्या तांदळात मेअखेरीस पोरकिडे झाले, कारण धान्य गोणीतच ठेवलं होतं. पत्र्याच्या डब्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून झाकण घट्ट लावलेलं टिकलं. वस्तीत काहींनी रेशनचा तांदूळ देऊन ज्वारी घेतली. अडचण समजण्यासारखी असली तरी रेशनचं धान्य असं बाजारात फिरवणं गुन्हा आहे आणि त्यात कार्डही जाऊ शकतं.

अंगठा

विडी वळताना पान दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि पहिल्या दोन बोटांत धरून, मधे तंबाखू पसरून, गुंडाळत नेतात. दिवसाला सातशे-आठशे वेळा तीच घासणी. पाच-सात वर्षांत अंगठ्याच्या पेरावरच्या रेषा सपाट होतात, वर तंबाखूचा चिकट थर बसतो. रेशनचं मशीन, बँक मित्राचं (बँकेच्या वतीनं गल्लीत पैसे देणाऱ्या माणसाचं) मशीन, पेन्शनचा हयातीचा दाखला, सगळीकडे ‘ठसा जुळत नाही’ येतं त्याचं कारण हे. साथीच्या काळात त्यात भर पडली ती सॅनिटायझरची. अल्कोहोलनं कातडी कोरडी पडते, कोरड्या बोटाचा ठसा आणखी फिका उमटतो. आणि मशीनची काच पुसून ओली ठेवली तर उमटतो तोही पसरतो.

रेशनपुरता हा प्रश्न तेव्हा सुटला होता. साथ पसरू नये म्हणून कार्डधारकाऐवजी दुकानदाराचाच अंगठा लावून धान्य देण्याची मुभा राज्यानं दिली. बँकेत अशी सोय नव्हती.

बाईच्या नावावर जनधन खातं होतं. त्यात एप्रिल, मे, जून असे दर महिना ५०० रुपये यायचे होते. गर्दी टाळायला पैसे काढण्याचे दिवस खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून लावले होते: एप्रिलमध्ये शून्य-एकवाल्यांना ३ तारीख, दोन-तीनला ४, चार-पाचला ७, सहा-सातला ८, आठ-नऊला ९. पैसे वेळेवर जमा झाले. मेसेज गेला तो जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर. बाई गल्लीतल्या बँक मित्राकडे गेली.

“ताई, अंगठा लागत नाही. दुसरं बोट ठेवा.”

दुसरंही लागलं नाही. तीनदा प्रयत्न झाल्यावर व्यवहार त्या दिवसापुरता अडला. रुपे कार्ड होतं, पण त्याचा पिन कधी काढलाच नव्हता. ‘पैसे परत जाणार’ अशी अफवा त्याच आठवड्यात वस्तीत फिरली, तीही खोटी. जमा झालेली रक्कम खात्यातच राहणार होती. शेवटी मेच्या शेवटच्या आठवड्यात बँकेच्या शाखेत पासबुक आणि आधार दाखवून, पैसे काढायच्या स्लिपवर सही करून एप्रिल-मेचे १,००० मिळाले. बाईला सही येते. तरी आधी अंगठ्याच्या मशीनकडे जायचं, कारण गल्लीतले सगळे तिकडेच जातात.

ठसा जुळवायचा असेल तर काय करावं हे अनुभवी बँक मित्रांना ठाऊक असतं. आदल्या रात्री विडीचं काम ठेवायचं. सकाळी हात कोमट पाण्यानं आणि साबणानं धुवायचे, तंबाखूचा थर लिंबाच्या सालीनं घासून काढायचा. खोबरेल तेलाचा एक थेंब बोटावर चोळून पाच मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसायचा. कातडी मऊ हवी, तेलकट नको. अंगठा सोडून करंगळी किंवा तिच्या शेजारचं बोट आधी लावायचं, कारण वळताना त्यांची झीज सगळ्यांत कमी. बोट दाबायचं नाही, दाबलं की रेषा चपट्या होतात. एवढं करूनही लागत नसेल तर आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्यानं नोंदवणं हा खरा उपाय. टाळेबंदीत ती केंद्रंच बंद होती.

पीएफ: ७५ टक्क्यांचा गैरसमज

२८ मार्च २०२० ला पीएफच्या नियमात बदल होऊन साथीसाठी परत न करायची उचल काढता येऊ लागली. नियम असा: तीन महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, किंवा खात्यातल्या रकमेच्या ७५ टक्के, यांत जे कमी असेल ते. वस्तीत पोचलं ते फक्त ‘७५ टक्के’. बाईच्या खात्यात ४६,००० होते असं धरू. ७५ टक्के म्हणजे ३४,५००. पण पीएफ कापला जाणारा पगार महिन्याला २,७००, तीन महिन्यांचे ८,१००. मिळणार ते ८,१००. पस्तीस हजारांच्या हिशेबानं कुणी कुणाला शब्द देऊन बसलं असेल, तर तिथेच घोळ.

नवऱ्याचा पीएफ कापला जात नव्हता, त्यामुळे हा रस्ता बाईपुरताच. अर्ज मोबाईलवरून होत होता, पण त्याआधी चार गोष्टी जुळाव्या लागत: यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) चालू झालेला आणि आधारशी जोडलेला, नाव आणि जन्मतारीख दोन्हीकडे सारखी, बँक खातं आणि आयएफएससी (बँक शाखेचा कोड) कारखान्यानं मंजूर केलेलं, आणि आधारला जोडलेला मोबाईल हातात, कारण ओटीपी त्यावर येतो. यातल्या दोन अडल्या. कारखान्याच्या नोंदीत जन्माचं साल १९७४, आधारवर १९७६. एप्रिल २०२० मध्ये पीएफ कार्यालयानं फरक तीन वर्षांच्या आत असेल तर आधार हाच जन्मतारखेचा पुरावा मानायला सुरुवात केली, म्हणून हे ऑनलाईन सुटलं. बँक खात्याची मंजुरी मात्र कारखान्याच्या ऑफिसातून द्यायची आणि ऑफिसला कुलूप. ते उघडलं जूनमध्ये. मंजुरी पडल्यावर पैसे आठवड्याच्या आत आले. एप्रिलच्या खड्ड्यासाठी काढलेली उचल जूनच्या मध्यावर हातात पडली, आणि त्यातले चार हजार थेट घरमालकाकडे गेले.

कर्ज आणि उचल

रिझर्व्ह बँकेनं २७ मार्चला कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा बँकांना आणि वित्त कंपन्यांना दिली, नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. हप्ता माफ झाला असं समजून बऱ्याच बायका गाफील राहिल्या. शिल्लक १८,००० आणि व्याज वर्षाला २४ टक्के धरलं, तर सहा महिने काहीच न भरल्यास व्याजावर व्याज धरून सुमारे २,२७१ रुपये चढतात. सरळ व्याजानं २,१६० झाले असते. मधला १११ रुपयांचा फरक सरकारनं नोव्हेंबर २०२० मध्ये परत जमा केला. लोकांनी त्या जमेला ‘व्याजमाफी’ म्हटलं. माफी झाली ती एकशे अकराची. दोन हजार एकशे साठ घराच्याच डोक्यावर राहिले.

या घरानं पहिले तीन महिने हप्ता थांबवला आणि जुलैपासून निदान महिन्याचं व्याज, सुमारे ३६० रुपये, भरत ठेवलं. हा निर्णय आमच्या मते बरोबर होता. गटात दहा जणी, आणि एकीनं थकवलं की वसुलीवाला बाकीच्या नऊ जणींच्या दारात उभा राहतो. मुभा असतानाही असं दारात येणं चालूच होतं. अशा वेळी तोंडी वाद घालण्यापेक्षा हप्ता पुढे ढकलल्याचा कंपनीचा मेसेज फोनमध्ये जपून ठेवलेला बरा.

नवऱ्याची ५,००० ची उचल हा वेगळा मामला. टाळेबंदीत पगार कापू नये, असा केंद्राचा २९ मार्चचा आदेश होता. १८ मेपासून तो उठला. पण नगावर काम करणाऱ्याचा पगार म्हणजे किती, हे हजेरीपटाशिवाय कोण ठरवणार? म्हणून प्रत्यक्षात मिळाली ती उचल, आठवड्याला ३०० प्रमाणे सतरा आठवड्यांत फिटणारी. उचलीला व्याज नसतं, पण ती फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जाता येत नाही. हा बाजार सोलापूरला नवा नाही.

काम सुरू झालं तेव्हा

एप्रिलमध्ये तेलंगी पाच्छा पेठेत पहिला रुग्ण सापडल्यावर शहर पत्र्यांनी आणि बांबूंनी अडवलं जाऊ लागलं. जूनमध्ये मागांचा खडखडाट हळूहळू परत आला, जुलैत दहा दिवस पुन्हा कडक टाळेबंदी लागली.

माग दोन महिने ताणलेल्या बीमसह उभा राहिला की काय होतं, ते पगारात दिसतं. टॉवेलच्या मागाला बीम दोन: एक पायाचा, एक लूपचा, म्हणजे टॉवेलवरच्या फासांचा. घाईत बंद केलेल्या मागावर दोन्ही ताणातच राहिले होते. सोलापूरचा एप्रिल-मे चाळिशीच्या वरचा. त्या कोरड्या हवेत सुतावरची खळ कडक होते आणि माग चालू करताच धागे पटापट तुटतात. शिवाय तेलात कापसाची भुकटी बसून घट्ट थर झालेला, आणि पहिल्या पावसाच्या दमटपणानं फणीला (जिच्या दातांतून धागे जातात तिला) गंजाचे ठिपके. गंजलेल्या फणीतून गेलेल्या पांढऱ्या टॉवेलवर उभी पिवळट रेघ येते आणि माल सेकंडमध्ये जातो. मग क्रम असा: आधी ब्रेक सोडून ताण उतरवायचा, भुकटी काढायची, जुनं तेल पुसून नवं घालायचं, फणी घासायची, चाक हातानं फिरवून धोटा दोन्ही बाजूंना सरळ जातो का पाहायचं, मगच मोटर. पहिलं काही वार कापड चिंधीत धरायचं. हे सगळं कामगार करतो आणि नगाच्या मजुरीत यातलं काहीच बसत नाही. पहिल्या आठवड्याचा हिशेब निम्म्यावर आला तो त्यामुळे. पुढेही रोज पाळी मिळेना. हॉटेलं बंद, टॉवेलला उठाव नाही.

विडीचं त्याहून अवघड. पानं-तंबाखू न्यायला आणि माल द्यायला बायका रोज विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये जमतात. ती गर्दी नको म्हणून काही ठिकाणी गाडीनं पानं-तंबाखू वस्तीत आणून माल तिथेच घ्यायला सुरुवात झाली. सोयीचं वाटतं खरं. पण ब्रँचमध्ये तराजूसमोर उभं राहून ‘ही पानं फाटकी आहेत, बदलून द्या’ म्हणता येतं, गाडीपाशी मागे रांग असते. उन्हाळ्यातून आलेली पानं कडक होती. ती रात्रभर ओल्या गोणपाटात दाबून ठेवावी लागतात. ओल कमी पडली तर कात्रीखाली चिरतात, जास्त झाली तर विडीला बुरशी येते आणि ती छाटात, म्हणजे नाकारलेल्या मालात जाते. हजाराला दिलेल्या पानांत आठशेच निघाल्या, तर एरवी बाई बाजारातून थोडी पानं विकत घेऊन हजार भरते. ते विकणारेही बंद होते. त्यामुळे जूनमध्ये बाईचे १,३०० झाले, नवऱ्याचे दोन आठवड्यांचे ३,०००.

जूनअखेर बेरीज: उचल ५,०००, पेन्शन ३,०००, जनधन १,५००, पीएफ ८,१००, विडी १,३००, माग ३,०००. एकूण २१,९००. तीन महिन्यांचा आवळलेला खर्च १४,४००, भाडं ६,०००. दीड हजार उरतात, आणि त्यात विजेचं बिल यायचं बाकी.

ते आलं जुलैत. मार्चपासून मीटरचं रीडिंग थांबलेलं, एप्रिल-मेची बिलं सरासरीनं, जूनला एकदम खरं रीडिंग. बिल पाहून वस्ती हादरली. अशा बिलात पाहायचं एवढंच: एकूण युनिटना महिन्यांनी भागलं आहे का. तीन महिन्यांचे २७० युनिट म्हणजे महिन्याला ९०, ते शंभराच्या आतल्या स्वस्त दरात बसतात. २७० एका महिन्याचे धरले तर वरचे १७० जवळपास दुप्पट दरानं पडले असते. या घराचं बिल बरोबर होतं, तीन हप्त्यांत भरलं.

पाणी, खोली, ताप

‘वारंवार हात धुवा’ ही सूचना ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत होतं तिथे कशी पाळायची, याचं गणित घरोघरी झालं. नळ सोडून वीस सेकंद हात धुतले तर दोन लिटर सहज जातात. पाच माणसं, दिवसाला आठ वेळा, म्हणजे ८० लिटर. पाच दिवसांचे ४००. घरातलं पिंप २०० लिटरचं. तोटी बसवलेला वीस लिटरचा कॅन दाराशी ठेवला, साबण लावताना तोटी बंद, तर अर्ध्या लिटरात काम होतं आणि पाच दिवसांना शंभर लिटर पुरतात. सॅनिटायझर या घरात फारसा वापरला नाही, आणि ते योग्यच. ओल्या हातांनी लगेच गॅस पेटवणं धोक्याचं, आणि त्याचा वास विडीच्या पानाला लागतो.

सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ची पाहणी दारोदार आली, तेव्हा नवऱ्याला दोन दिवसांचा ताप होता. चाचणी पॉझिटिव्ह. घरी राहायचं तर वेगळी खोली आणि वेगळा संडास हवा. इथे दोन्ही नाही. म्हणून दहा दिवस कोविड केंद्रात. ताप लपवणारी घरं कमी नव्हती, कारण दारावर कागद चिकटला की विडीची गाडी दारात थांबत नाही. सासूबाईंना शेजारच्या रिकाम्या खोलीत हलवलं, ऑक्सिजन रोज तपासला. झिजलेल्या, जाड कातडीच्या बोटावर ऑक्सिमीटर लवकर स्थिर होत नाही. मधलं बोट, हात गरम करून, आकडा अर्धा मिनिट न हलल्यावरच वाचायचा. सहा मिनिटं चालून ९४ च्या खाली गेला किंवा तीनहून जास्त घसरला तर सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं, एवढं दाराच्या आत खडूनं लिहून ठेवलं होतं. तशी वेळ आली नाही.

फोन कुणाचा

मुलीचा दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. तो आधी पुढे गेला, मग रद्द झाला, गुण बाकीच्या विषयांच्या सरासरीनं मिळाले. निकाल २९ जुलैला. अकरावीपासून तिचे वर्ग मोबाईलवर. त्याच फोनवर मालकाचा पाळीसाठी फोन, पीएफचा ओटीपी, गटाच्या बाईचा मेसेज. दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज. दोन व्हिडिओ तास झाले की दुपारपर्यंत संपतं. सकाळी वर्ग, दुपारी फोन नवऱ्याकडे, अशी वाटणी केली; तरी नवरा फोन घेऊन कारखान्यात आणि ओटीपी घरी हवा, हा पेच कायम. धाकट्याला सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ मिळाली. २० जुलैपासून सुरू झालेली ही मालिका पहिली ते आठवीसाठी होती आणि तिला डेटा लागत नव्हता. फोनच्या रांगेतून एक माणूस कमी झाला.

दुसरी लाट

१४ एप्रिल २०२१ च्या रात्री आठपासून पुन्हा निर्बंध. या वेळी राज्यानं बांधकाम कामगार, घरकामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालकांना दीड हजार रुपये जाहीर केले, तेही नोंद असलेल्यांनाच. यादीत विडी कामगार नव्हते, यंत्रमाग कामगारही नव्हते. सोलापूरला याचा राग आला तो रास्त होता.

पीएफची दुसरी उचल ३१ मे २०२१ पासून मिळू लागली. बाईचा अर्ज या वेळी चार दिवसांत व्हायला हवा होता, कारण सगळे कागद जुळलेले. अर्ज नामंजूर झाला. तिचं खातं आंध्रा बँकेतलं. १ एप्रिल २०२० ला ही बँक युनियन बँकेत विलीन झाली आणि वर्षभरानं जुना आयएफएससी बंद पडला. खातं तेच, पैसेही त्यात येत-जात होते, पण पीएफच्या नोंदीत कोड जुना. नव्या पासबुकाचं पहिलं पान अपलोड करून, कारखान्याची मंजुरी पुन्हा घेऊन अर्ज केला तेव्हा जुलै लागला. विलीन झालेल्या कुठल्याही बँकेत खातं असलेल्यानं हे आधीच पाहून घ्यावं. जुलै २०२१ मध्येच पोस्टमनमार्फत आधारचा मोबाईल नंबर बदलायची सोय सुरू झाली; सासूबाईंचा नंबर तेव्हा जोडला गेला. त्यांच्या हयातीच्या दाखल्याला आदल्या हिवाळ्यात २८ फेब्रुवारीपर्यंत मुदतवाढ मिळाली होती, म्हणून पेन्शन थांबली नाही. ठसा लागला तो डाव्या करंगळीचा.

२०२१ च्या अखेरीस घराची स्थिती: उचल फिटली, गटाचं कर्ज चार हजारांवर आलं, भाडं चालू महिन्याचं. सासूबाईंचं नाव गावच्या कार्डावरून कमी करून इथल्या कार्डावर चढवायचा अर्ज दिलेला होता. नाव कमी झाल्याचा दाखला मिळाला, पण इष्टांक, म्हणजे यादीतल्या जागांचा ठरलेला आकडा, शिल्लक नसल्यानं इथे प्राधान्याचा शिक्का पडलेला नव्हता, त्यामुळे त्यांचं पाच किलो धान्य तेव्हा दोन्हीकडे बंद होतं.